विचारून घेते

"होल्ड करा, विचारून घेते," असं म्हणत बाई रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबायच्या आणि मोकळ्या झालेल्या हाताने पेन्सिलीचं टोक जिभेला लावायच्या. हे दिसलं की मी खुर्चीत जरा खाली सरकायचो. कारण आता त्या कोणाला तरी मी लिहिलेलं वाचून दाखवणार असायच्या.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. जाहिरात वाटणार नाही अशी जाहिरात करून देणं हा आमचा धंदा. लिहिण्याचं काम माझ्याकडे. फोन सांभाळायच्या त्या बाई मुलुंडहून यायच्या. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, लवकर निवृत्ती घेऊन आमच्याकडे आल्या. माहेर कणकवलीकडचं, वडील गिरणीत. एरवी शुद्ध बोलायच्या, पण आतून हलल्या की मालवणी बाहेर यायची.

त्यांची एक पद्धत होती. एखाद्याच्या नावाने काही छापायचं असेल, तर त्या माणसाला फोन लावायचा, त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "हे तुम्हीच बोललात ना?" 'हो' आलं, तरच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण. तुम्ही म्हणाल, आजकाल कोण एवढं करतं? आम्हीही हेच म्हणायचो. पण एका दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका छापायला निघाली होती, तेव्हा बाईंनी प्रमुख पाहुण्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "त्यांना यायला जमणार नाही हो. दोन महिन्यांपूर्वी वारले ते." सर, म्हणजे आमचे मालक, इतके घाबरले की बाईंच्या खुणेशिवाय कागद प्रेसला जायचा नाही, असा नियमच त्यांनी करून टाकला.

बोरिवलीच्या एका बिल्डरच्या पुस्तिकेत मी एका सुखी रहिवाशाचे उद्गार लिहिले होते. बाईंनी ते त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मस्त लिहिलंय. पण तिसऱ्या मजल्याच्या वर पाणी चढत नाही, तेही टाका ना." बाईंनी ते टाकायला लावलं. सर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. बाईंशी मात्र बोलत होते, कारण बाईंशी अबोला धरायची कोणाची छाती नव्हती.

मग ते मोठं काम आलं. एका परदेशी सरकारचं. आपल्याकडून तिथे आणखी कामगार पाठवायचा करार व्हायचा होता आणि त्याआधी आपले खासदार, संपादक यांचं मत अनुकूल करायचं होतं. ते सरकार विरोधात लिहिणाऱ्यांना तुरुंगात टाकतं, कामगारांचे पासपोर्ट काढून घेतं, हे पेपरात येऊन गेलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुस्तिकेवर त्या सरकारचं नाव कुठेच नसणार होतं. कुठल्याशा मैत्री मंचाचं असणार होतं. तो मंच आम्हीच त्या आठवड्यात जन्माला घातला होता.

"याला लॉबिंग म्हणतात, जगभर चालतं," सर चहा पिताना म्हणाले. "वकील नाही का खुन्याची बाजू मांडत?"

"मांडतो ना, सर," बाई म्हणाल्या. "पण तो काळा कोट घालून उभा राहतो. कोणाचा वकील आहे ते सगळ्यांना दिसतं. आणि समोर दुसरा वकील असतो. आपल्या समोर कोण आहे?"

सर हसले. "बाई, तुम्ही फोन सांभाळा."

मला हसू आलं नाही. मुलगी दहावीला, माझं वय पन्नाशीला टेकलेलं, ही नोकरी गेली तर पुढे काय, हा हिशेब मी दिवसातून दहा वेळा करायचो आणि दरवेळी उत्तर एकच यायचं. मी लिहायला बसलो.

पुस्तिकेत पाच समाधानी कामगारांचे उद्गार हवे होते. तिकडून नुसते फोटो आणि भरतीच्या फॉर्मच्या झेरॉक्स आल्या. उद्गार नव्हतेच. ते मी घातले. ते बोलले असते तर असंच बोलले असते, अशी मी स्वतःची समजूत घातली. मानखुर्दच्या एका वेल्डरच्या फोटोखाली लिहिलं, 'इथे मला आईची आठवण येते, पण काळजी वाटत नाही. कारण ही माणसं माझी काळजी घेतात.' वाक्य मला आवडलंही. ते आवडल्याची आज शरम वाटते.

बाईंनी कागद हातात घेतला तेव्हा मी म्हटलं, "बाई, ही माणसं परदेशात आहेत. यांना कुठे फोन लावणार? राहू दे ना."

"अरे, घरचा नंबर आहे की," त्या म्हणाल्या. वेल्डरच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला कोणीतरी पेनने लिहिलेला नंबर होता. पाठवणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटला असणार. "होल्ड कर, विचारून घेते."

सकाळचे अकरा वाजले होते. बाईंनी स्पीकर लावला. पलीकडे त्या मुलाची आई होती. बाईंनी ऑफिसचं नाव सांगितलं आणि नेहमीसारखं, एकेक शब्द सुटा करून, माझं वाक्य वाचलं.

पलीकडून एकदम रडणं आणि हसणं एकत्र आलं.

"विजू बोलला? माझा विजू तुमच्याशी बोलला? कधी बोलला ओ? सात महिने झाले, आवाज नाही त्याचा! पासपोर्ट मागायला बसले होते सगळे, पोलीस घेऊन गेले, एवढंच कळलं होतं आम्हाला. बरा आहे ना तो? जेवतो ना?"

बाईंची पेन्सिल जिभेपाशीच थांबली होती. "मी... विचारून घेते," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवला.

मग माझ्याकडे वळल्या. "तो बोलला होता ना रे?"

मी मान खाली घातली.

"माझ्याच तोंडान सांगलंय मी," त्या म्हणाल्या. "आता तिका काय सांगू रे?"

इतकी वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडले होते, आणि आज कोणीच न दिलेला निरोप त्यांच्या आवाजात त्या आईपर्यंत गेला होता. त्या दुपारी बाई मानखुर्दला गेल्या. फोनवर सांगायची गोष्ट नाही म्हणाल्या. मला म्हणाल्या, "चल." मी म्हटलं, काम आहे. काम होतंच. सरांना सगळं सांगितल्यावर त्यांनी फोटो निरखून पाहिला, वाक्य वाचलं आणि म्हणाले, "वाक्य छान आहे. फोटो बदल."

मी फोटो बदलला. वेल्डरच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी हसरा चेहरा आला. प्रेसचा माणूस दारात उभा होता. कोपऱ्यातली जागा रिकामी होती. बाईंच्या ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि बरोबरची खूण मी केली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फाईलमधली प्रत पाहिली. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिलं. "घाबरलास ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला झेपलं नाही. डबा, छत्री, देवाचा छोटा फोटो, एवढं पिशवीत घातलं. जाताना म्हणाल्या, "तिला मी खरं काय ते सांगितलंय. तुझं नावही सांगितलंय. सोमवारी अकराला फोन करेल ती. ज्याने लिहिलं, त्याने उचलायचा."

त्या परत आल्या नाहीत. पुस्तिका वाटली गेली. खासदारांचं एक पथक तिकडे जाऊनही आलं आणि त्याने व्यवस्था उत्तम असल्याचं सांगितलं. बाई त्या आईसोबत विजूच्या सुटकेचे अर्ज घेऊन फिरताहेत, असं कानावर येतं. नेमकं कुठे, ते मी विचारलेलं नाही.

तीन सोमवार बाईंच्या टेबलावरचा फोन अकराला वाजला. मी तीनही वेळा जिन्यात जाऊन उभा राहिलो. चौथ्या सोमवारी उचलला. मी लिहिलं, तो बोलला नव्हता, माझी चूक झाली, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय. खोटं आहे ते."

मी रिसीव्हर खाली ठेवू लागलो.

"पण ते आईची आठवण येते वालं आहे ना, ते एकदा वाचून दाखवा ना."

पुस्तिका समोरच होती. दुसऱ्याच कोणाच्या तरी चेहऱ्याखाली माझं वाक्य छापलेलं होतं. रिसीव्हर मी कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबला, पुस्तिका उघडली. पलीकडे ती वाट पाहत होती. मला वाचता येईना.