देव्हाऱ्यातले बूट

तेलगिरणीच्या यंत्रघराच्या दारावर दोन पाट्या होत्या. वरची जुनी, ‘येथे चपला काढाव्यात.’ खालची मी लावलेली, ‘बुटाशिवाय आत प्रवेश नाही.’ जुनी पाटी काढू द्या म्हणून मी चेअरमनांच्या किती मिनतवाऱ्या केल्या. ते म्हणायचे, ती देवीची पाटी आहे आणि ही विम्याची. दोन्ही राहू द्या, कुणाचं काय बिघडतंय?

मोठा दुष्काळ सरल्यावर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून ही गिरणी उभी केली होती. गाव तेरहून ढोकीकडं जाताना लागायचं. आपली करडई, आपल्या शेंगा आपणच गाळायच्या, व्यापाऱ्यापुढं हात जोडायचे नाहीत, एवढीच हौस. मी तिथं मॅनेजर होतो. पुढं दुसऱ्या तालुक्यातल्या एका गिरणीत कामगाराचा हात पट्ट्यात गेला, तो कोर्टात गेला आणि ती संस्था जेरीस आली. ते ऐकून आमच्या चेअरमनांची झोप उडाली आणि कामगारांचा विमा काढायचं ठरलं. विमा कंपनीचा माणूस आला. आमच्या कामगारांचे अनवाणी पाय बघून तो दारातच थबकला. बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट, लेखी नियम आणि दारावर पाटी, एवढं असेल तरच विमा, असं त्यानं बजावलं. मी नियम लिहिले, पाटी रंगवून घेतली आणि सोलापूरहून बूट आणले.

कुणी घालेना. मशीन म्हणजे लक्ष्मी. तिच्यापुढं पायात कातडं घालून उभं राहायचं कसं? मी समजावलं, ओरडलो, मजुरी कापायची धमकी दिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्यात हट्टी आमचा मिस्त्री, तेल काढायचं मोठं मशीन चालवणारा. दुष्काळात बायकोबरोबर खडी फोडून जगलेला माणूस. तेव्हा अनवाणीच होतो, काही झालं नाही, एवढंच तो शांतपणे सांगायचा. मी स्वतः बूट घालून आत जायचो. एकदा वैतागून त्याला विचारलं, माझ्यावर कुठं कोपली तुमची लक्ष्मी?

“तुमचं येगळं हाय, साहेब.”

आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. त्यामुळं त्याचं म्हणणं तसं खरंच होतं. तरीही ते लागलं. वेगळं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग खंडेनवमी आली आणि चेअरमनांना युक्ती सुचली. पाने-पकडी, हातोडे पुजतो तसे बूटही पुजायचे. म्हणजे तेही हत्यारच झाले, मग मशिनीपुढं चालतील. मला पटलं. देव न मानणारा मी, पण त्या दिवशी पाटावर बूट मांडायला मीच पुढं होतो. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा पडल्या, नारळ फुटला. दसरा झाल्यावर बघतो तर चेअरमनांनी बूट भिंतीतल्या देव्हाऱ्यात, भवानीच्या फोटोशेजारी ठेवून दिलेले. पुजलेल्या वस्तूत पाय कसा घालायचा, असं सगळ्यांचं एकमुखानं म्हणणं. मी डोक्याला हात लावला. नवे बूट आणू म्हटलं तर चेअरमन म्हणाले, एकदा आणलेत ना?

उन्हाळ्यात करडईचा हंगाम जोरात असताना अपघात झाला. मशीन उघडून साफ करताना जड लोखंडी झाकण मिस्त्रीच्या तेलकट हातांतून निसटलं आणि डाव्या पायावर पडलं. जीपमधून त्याला उस्मानाबादला नेताना पटक्यात गुंडाळलेला तो पाय माझ्या मांडीवर होता. त्याच्यावर राग, चेअरमनांवर राग, त्या झेंडूच्या माळांवर राग. त्याची पाचही बोटं गेली.

त्यानं भरपाईचा दावा लावला. आमच्या वकिलांना माझी पाटी फार आवडली. नियम होता, बूट आणले होते, वारंवार सांगितलं होतं, तरी यानं तो जाणूनबुजून मोडला. मग भरपाई कशाची? मात्र बूट संस्थेनंच देव्हाऱ्यात ठेवले हे बाहेर आलं तर भरपाई द्यावी लागेल, आणि अट मोडली म्हणून विमा कंपनी हात वर करेल. तेव्हा विचारतील तेवढंच बोला, असं त्यांनी मला पढवलं. मी त्याचा पाय वाचावा म्हणून लिहिलेला नियम आता त्याच्याच विरुद्ध उभा करायचा होता.

सुनावणीत वकिलांनी विचारलं, बूट घालायला सांगितलं होतं? हो. अनेकदा? हो. त्यानं नकार दिला? हो. सगळं खरं. बाकावर कुबडी घेऊन बसलेला मिस्त्रीही प्रत्येक ‘हो’ला मान डोलवत होता. त्याचा हा सरळपणा बघून मला आणखीच संताप येत होता. मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागदातून वर न बघताच विचारलं, “अपघाताच्या दिवशी ते बूट कुठं होते?”

वकील माझ्याकडं बघत राहिले.

“देव्हाऱ्यात, साहेब. संस्थेनंच ठेवले होते.”

मागं कुणीतरी हसलं. मिस्त्री हसला नाही.

भरपाई मंजूर झाली. ती संस्थेच्याच खिशातून गेली. परतीच्या वाटेवर संचालकांपैकी एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला की, यांना आपल्या देवाचं काय! बूट पुजायची युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली, हे कुणाला आठवलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्री काठी टेकत आला. त्याला पेंडीच्या वजनकाट्यावर बसायचं काम दिलं होतं. उरलेल्या अर्ध्या पावलात चप्पल टिकत नव्हती. बाकीचे सगळे अनवाणी, हात जोडून उभे. त्यानं देव्हाऱ्यातून एक जोड काढला, कपाळाला लावला, पायरीवर बसून डाव्या बुटाच्या टोकात चिंध्या कोंबल्या आणि पाय घातला. कुणी अडवलं नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, आता? आता घालताय होय?

तो नाडी बांधत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“आता माझं बी येगळं झालं, साहेब.”