कुलूप फक्त चोराने उघडायचं

"काका, माझा योद्धा कुलूप का नाही उघडू शकत?" खेळता खेळता पुतणीने विचारलं आणि वीस बाजूंचा जुना, पिवळट फासा माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या झिजलेल्या कडा बोटांना लागल्या आणि मी मृणालच्या पडवीत जाऊन पोचलो.

कॉलेजात असताना दर रविवारी आम्ही चौघं तिथे फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायचो. कुणी योद्धा, कुणी जादूगार. गोष्ट मृणाल सांगायची, नियमही तिचेच. मी चोर होतो. कुलूप फक्त चोराने उघडायचं, त्यामुळे प्रत्येक दारापाशी ती माझ्याकडे बघायची. त्या बघण्यासाठीच मी चोर झालो होतो.

मग मिरकरवाडा बंदरावरच्या कोळ्यांचा नीलेश आला, जादूगार होऊन. पहिल्याच दारापाशी म्हणाला, "मी उघडतो. जाळ्याची गाठ सोडवतात तसं. ओढायचं नाय, आधी ढील द्यायची." त्याची बोटं हवेतच गाठ सोडवत होती. मृणाल पुढे सरकून बघत होती.

"जादूगाराला कुलूप उघडता येत नाही," मी म्हणालो.

"आता येतं," ती म्हणाली. "कसं उघडणार ते जो नीट सांगेल, त्याने फासा टाकावा. आजपासून हा घरचा नियम." वहीतला जुना नियम तिने खोडला. माझा चोर त्या दिवशी सगळ्यांच्या मागून नुसता चालत राहिला.

तिचा नियम जास्त चांगला होता. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

"मी सांगते ना, कसं उघडायचं ते!" पुतणी म्हणाली.

"नको. कुलूप फक्त चोरच उघडतो," मी म्हणालो. "घरचा नियम आहे."