काहिलीतली फरशी

हजेरीपटात चनमल्लप्पांच्या नावापुढे ‘प्रयोगशाळा परिचर’ असं लिहिलेलं आहे. खोटं नाही, पण फारच थोडं आहे. सोलापूरच्या त्या कॉलेजात एकोणतीस वर्षांत फिजिक्सचा जो प्रयोग जमला तो या माणसाच्या हातानं जमला, आणि जो फसला त्याचं खापरही बहुतेक वेळा त्याच्याच डोक्यावर फुटलं. त्यांचे वडील यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर होते; माग कुठं अडतोय ते नुसत्या खडखडाटावरून सांगायचे. तो कान लेकाकडे आला. पोरं त्यांना मामा म्हणत.

यंदा सुकन्यानं प्रोजेक्टसाठी भलतंच काढलं. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली ही पोरगी, एमएस्सीपर्यंत पोचलेली घरातली पहिलीच. पृथ्वी एवढी धावते, मग तिच्या धावण्याच्या दिशेनं जाणारा प्रकाश आणि आडवा जाणारा प्रकाश यांच्या वेगात फरक पडतो का, ते तिला स्वतः बघायचं होतं. लेझरचा एक झोत फोडून दोन करायचे, एकमेकांना काटकोनात पळवायचे, आरशांवरून माघारी आणून एकत्र करायचे. मग पडद्यावर उजेड-अंधाराच्या रेषा उमटतात. सगळी मांडणी गोल फिरवली आणि वेगात फरक असला, तर रेषा सरकणार. शंभरावर वर्षं जगानं फिरवून पाहिलं, त्या काही सरकल्या नाहीत.

“मांडणी माझ्याकडं लागली. तू काळजी करू नको,” मामांनी शब्द दिला होता.

मेव्हण्याच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातून त्यांनी गूळ शिजवायची भलीथोरली काहील आणली. तिच्यात पाणी, पाण्यावर ट्रकची फुगवलेली ट्यूब, ट्यूबवर शहाबादी फरशी, फरशीवर लेझर, आरसे, पडदा आणि रेषा टिपणारा मोबाईल. बोटानं जरा ढकललं की सगळं देवाच्या पालखीसारखं सावकाश फिरायचं. बघणाऱ्यानं बघत राहावं असं.

पण रेषा सरकत होत्या. दर फेऱ्याला, एकाच जागी, चांगल्या दोन-दोन रेषांनी.

आठ दिवस झाले. मामांनी पंखे बंद केले, उत्तरेच्या खिडकीला चादर ठोकली. हादरे नकोत म्हणून कॉलेजशेजारच्या कारखानदार तिप्पण्णाच्या हातापाया पडून अर्धा तास त्याचे माग थांबवले. रेषा सरकल्याच. शेवटी प्रोजेक्टचे मार्गदर्शक महेश्वर सर वैतागले. “जगाला शून्य मिळालंय, तूही शून्य लिहून मोकळी हो.”

“दिसलं न्हाय ते कसं लिवू, सर?” सुकन्या म्हणाली.

अंगात खोट नसलेल्या माणसाचं हे असं असतं, आपलीच मान पुढं करतो. पुस्तकातला आकडा ती लिहिणार नव्हती, आणि सदोष मांडणीवर पास करायला बाहेरच्या परीक्षक बाई तयार होणार नव्हत्या. म्हणजे पोरीचं वर्ष बुडणार, आणि बुडणार ते मामांच्या हातच्या कामानं. त्या आठवड्यात मामांना भाकरी गोड लागली नाही.

परीक्षेच्या सकाळी थंडी मरणाची होती. बाई, सर आणि सुकन्या पलीकडच्या भिंतीशी, मोबाईलमधलं चित्र दाखवणाऱ्या लॅपटॉपसमोर उभे राहिले. मामा नेहमीच्या जागी, काहिलीच्या कडीपाशी, फरशीवर ओणवे. पहिला फेरा. रेषा सरकल्या. दुसरा फेरा. सरकल्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“अर्ध्या तासात मला निघायचंय,” त्या म्हणाल्या.

मामांनी तिसऱ्यांदा बोट लावलं आणि नेमका तेव्हाच घशात खोकला आला. आरशांवर थुंकी उडायला नको म्हणून तोंड दाबून ते दाराकडे पळाले. खोकून मागे वळतात तो फेरा पुरा होत आलेला. सुकन्या स्क्रीनकडे बघत होती; या फेऱ्याला रेषा जागच्या हलल्या नव्हत्या. मग तिनं मामांकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

“काय झालं? बोल की.”

“काय न्हाय, मामा.”

ही खाली घातलेली मान मामांना ओळखीची होती. वडीलधाऱ्यानं विणलेल्या चादरीत खोट दिसली की मागाच्या कारखान्यातल्या बाया अशीच मान घालायच्या. ते काहिलीपाशी गेले. फरशी थांबू दिली. मग आपला तळवा झोताच्या वाटेखाली, न शिवता, नुसता धरला.

स्क्रीनवरच्या रेषा पळायला लागल्या.

पंखा मोजला होता, खिडकी मोजली होती, तिप्पण्णाचे माग मोजले होते. मामांना कुणी मोजलं नव्हतं. भिंतीला कोण मोजतं? अंगाची ऊब हवेत चढत होती, हवा हलत होती, आणि फरशी त्यांच्याजवळून गेली की रेषा सरकत होत्या. एवढ्या जपणुकीनं आठ दिवस त्यांनीच पोरीचा प्रयोग नासवला होता. त्यांना लाज वाटली, अगदी जमिनीत गडप व्हावं इतकी.

“खोट माझ्यातच हाय,” ते म्हणाले. “मी भाईर जातो.”

“इथंच लांब, भिंतीशी उभे राहा ना,” बाई म्हणाल्या.

“न्हाय बाई. हात शिवशिवतोय. मी हितं ऱ्हायलो की जवळ येणारच.”

फरशीला शेवटचं बोट जरा जोरात लावून ते बाहेर पडले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. व्हरांड्यात गार वारा होता, तरी त्यांना घाम फुटला. आतून काहीच ऐकू येईना. मागाचा खडखडाट असता तर कानानं ओळखलं असतं. उजेडाला आवाज नसतो. ते हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले. एक फेरा झाला असेल. दोन. तेवढ्यात बाई निघून तर जाणार नाहीत? सिद्धेश्वराचं नाव घेऊन झालं, मग नुसतंच उभं राहून झालं.

दार उघडलं. सुकन्या होती, डोळे भरलेले.

“सा फेरे झाले, मामा. एक बी रेघ हलली न्हाय.”

“बाईंनी बघितलं?”

“सही केली त्यांनी.”

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. एकोणतीस वर्षं ज्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती, तिच्या उंबऱ्यावर ते घुटमळले.

“आता आत आलं तर चालंल का गं?” त्यांनी विचारलं.