रॉकेलातलं घराणं

आवडाबाईला रॉकेलचा वास खपत नसे. कल्याणच्या खाडीकाठी जन्म गेलेला. रॉकेलचं बोट मासळीच्या पाटीला लागलं तर अख्खी पाटी गिऱ्हाईक परत करतं, हे तिला चालता येण्याआधीपासून ठाऊक.

नवरा कुंडलिक शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर शहाऐंशी साली शाळेने तिला प्रयोगशाळेत घेतलं. "दिवाळीपर्यंत बघू, मग कायम," मुख्याध्यापक हरिहर सर म्हणाले होते. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं.

आणि पहिल्याच आठवड्यात कपाट आवरताना तिच्या हाती ती बाटली आली. आत रॉकेल, रॉकेलात कसले तरी खडे. कुणी वात्रट पोराने घाण केली असणार! तिने खडे बेसिनमध्ये ओतले आणि स्वच्छ धुवावेत म्हणून नळ सोडला.

बेसिन फुटलं. भुवया जळाल्या. धूर निवळल्यावर हरिहर सरांनी कपाटाची किल्ली काढून घेतली. "आणखी एक चूक, आणि ही जागा गेली."

रसायनशास्त्राच्या मंदाकिनीबाई तेवढ्या रागावल्या नाहीत. "धुवायला का गेलात?"

"रॉकेलात कोण काय ठेवतं, बाय? मना वाटलं, नासलं."

बाईंनी तिला भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यापुढे उभं केलं. वाचता येण्यापुरती ती शिकलेली होती. "उभी रांग म्हणजे एक घराणं. डावीकडचं हे पहिलं. पाण्याशी यांचं हाडवैर, म्हणून रॉकेलात ठेवायचे. लिथियम पाण्यावर नुसतं फसफसतं, त्याच्या खालचं सोडियम तुम्ही पाहिलंतच."

"भुवयांनी पाहिलं."

बाई हसल्या. "उजवीकडून दुसरं घराणं क्लोरीनचं. उग्र वासाचं, विषारी. पण तिथे खाली उतरावं तसा जोर ओसरतो. आणि अगदी कडेचे हे निऑन वगैरे. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत."

"माझी धाकटी जाऊ. हळदीकुंकवालाही कुणाकडं जायाची नाय."

"आणि सोडियमची नि क्लोरीनची सोयरीक झाली, की काय होतं सांगू? मीठ."

आयुष्यभर आवडाबाईने मासळीला मीठ चोळलं होतं. ती पुन्हा तक्त्याकडे बघत राहिली, लग्नघरात नव्या सोयऱ्यांकडे बघावं तशी.

त्या दिवसापासून रोज झाडू मारून झाला की ती एक रांग वाचायची. अडलं की कोण कुणाचा, कोण कशाने चिडतो, बाईंना विचारायची. बाईही कंटाळल्या नाहीत. सोडियम कापायलासुद्धा त्यांनीच शिकवलं, चिमट्याने धरून, टिपकागदावर.

दिवाळीच्या सुट्टीआधी पोटॅशियमचा प्रयोग आला. हरिहर सर मुद्दाम दाराशी येऊन उभे राहिले. बाई फळ्यापाशी होत्या. "आवडाबाई, पोटॅशियम काढा," एवढंच म्हणाल्या. केवढं, ते त्या बोलल्या नाहीत.

पोटॅशियम तिने कधी हाताळलं नव्हतं. सोडियमचा तुकडा वाटाण्याच्या निम्मा घ्यायची. सुरी तेवढ्यावर ठेवली, आणि तिची नजर तक्त्यावर गेली. वरचा फसफसला. मधल्याने बेसिन फोडलं. हा त्याच्याही खाली बसलेला. तिने सुरी मागे घेतली आणि तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापला.

"पोरांनो, मागं व्हा. अजून मागं!"

कणी पाण्याला टेकली मात्र, जांभळी ज्योत घेऊन परातभर नाचली, तडतडली, विझली.

"एवढासाच का घेतलात?" हरिहर सरांनी विचारलं.

"सर, या घराण्यात खालचा जास्त तापट. पहिल्यांदाच गाठ पडतेय. बेतानं घेतलेला बरा."

सरांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. बाई फळा पुसत होत्या. त्यांची पाठ तेवढी हसताना दिसली. सरांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सुट्टीनंतर नवं बेसिन येतंय. ते तुमच्या ताब्यात."

संध्याकाळी किल्ली कमरेला खोचून ती घरी निघाली. बाजारात पाटीमागे बसलेल्या गंगुबाईने नाक मुरडलं. "आवडे, लांब हो गो! रॉकेलचा वास मारतेस. माझी मासळी कोण घेल?"

"मारू दे," आवडाबाई म्हणाली, आणि तशीच ऐटीत पुढे गेली.