ग्लेंडाने न पाहिलेला शेवट

उत्तर इंग्लंडमधल्या ड्यूजबरी गावच्या महिला मंडळाच्या लंडनच्या सहली तीस वर्षं ग्लेंडा ओल्डरॉइडच काढत आली होती. वर्षातून दोनदा बस, दुपारचं संगीत नाटक आणि संध्याकाळी परत. कोणतं नाटक बघायचं, कोणी कुणाशेजारी बसायचं, सँडविचात अंडं घालायचं की हॅम, हे सगळं ती एकटी ठरवायची आणि मग चार बायकांना विचारल्यासारखं करायची. बायकाही हो म्हणायच्या, कारण नाही म्हटलं की ग्लेंडा आठवडाभर बोलत नसे, आणि बोलायला लागली की त्याहून वाईट.

अलीकडे मात्र तिचे दिवस फिरले होते. जुनी गाजलेली नाटकं नव्याने करणारी एक जमात लंडनमध्ये उगवली होती. नाटकातून राजवाडा काढायचा, घोडागाडी काढायची, झालरीचे झगे काढायचे, उरलेल्या माणसांना काळ्या विजारी घालून उघड्या फळ्यांवर उभं करायचं आणि वर तिकीट पूर्वीपेक्षा महाग ठेवायचं. मागच्या सहलीत असंच एक नाटक निघालं. अर्ध्या बायका झोपल्या आणि उरलेल्या अर्ध्या सबंध वेळ एकमेकींना ‘हा कोण?’ विचारत राहिल्या. मंडळाच्या खजिनदार पॉलीनबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं, “ग्लेंडा, पुढची सहलही अशीच गेली तर त्यानंतरच्या मी काढीन. हॅरोगेटजवळ फुलझाडांची छान नर्सरी आहे. तिथलं निदान कळतं तरी.”

फुलझाडांची नर्सरी! ग्लेंडाला ते शब्द जेवताना आठवले तरी घास कडू लागे.

म्हणून या वेळी तिने हुकमी पत्ता काढला. दीपगृहाचं जुनं नाटक लंडनमध्ये पुन्हा लागलं होतं; ते तिने तरुणपणी चार वेळा पाहिलं होतं. रंगमंचावर खरोखरीचं फिरतं दीपगृह, वादळात खरं पाणी, आणि पहिल्या रांगेला वाटलेले प्लास्टिकचे रेनकोट. हे वर्णन ड्यूजबरीत ऐकलं नाही असा माणूस नव्हता. याच वर्णनाच्या जोरावर तिने शेजारच्या नॉर्मालाही गळाला लावलं. नॉर्मा जन्मात नाटकाला गेली नव्हती. तिचा नवरा फ्रँक गेल्या हिवाळ्यात वारला, तेव्हापासून ती घराबाहेरही फारशी पडत नव्हती.

“मला नाही गं कळत असलं काही,” नॉर्मा म्हणाली होती.

“न कळायला काय आहे त्यात? सबंध दीपगृह उभं असतं समोर. आंधळ्यालासुद्धा कळेल,” ग्लेंडा म्हणाली.

नाटकगृहाच्या दारात पाटी होती, तिच्यापुढे दोन-चार माणसं वाचत थांबली होती. ग्लेंडा थांबली नाही. पाट्या नवख्यांसाठी असतात, असं तिचं मत होतं. ती बायकांना हाकत आत घेऊन गेली आणि रंगमंचावर नजर पडताच जागच्या जागी थिजली. पडदा नव्हता. राखाडी फळ्या होत्या आणि मधोमध एक लाकडी खुर्ची.

“सामान यायचंय वाटतं अजून,” मागून एक बाई म्हणाली.

“ट्रक अडकला असेल ट्रॅफिकमध्ये,” दुसरी म्हणाली, आणि पॉलीनबाई नाकातल्या नाकात हसल्या. ग्लेंडाने मान वळवली नाही. हे असलं काही काढणाऱ्या दिग्दर्शकाची तिने मनातल्या मनात सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली. बाबा, घरी कधी टेबल-खुर्च्या पाहिल्या नाहीस का तू? की आईने अंधाऱ्या कोठीत वाढवलं तुला?

नाटक सुरू झालं. सगळी पात्रं काळ्या विजारीत. दीपगृहाच्या रखवालदाराचा म्हातारा बाप झालेली मुलगीच दहा मिनिटांनी खलाशी झाली, मग बहुतेक बोट. ग्लेंडा नॉर्माच्या कानाला लागली. “ते बघ, तिथे दीपगृह असतं. डावीकडे समुद्र. हा आत्ता जिना चढतोय बरं का.” तो माणूस नुसता उभा होता. पुढच्या रांगेतल्या एका पोराने वळून ‘श्श’ केलं.

“मला दिसतंय,” नॉर्मा हळूच म्हणाली.

“काय दिसतंय? काही आहे का तिथे दिसायला?” ग्लेंडा फणकारली. बिचारीला लाज वाटत असणार कळत नाही म्हणायची, असं तिने ठरवून टाकलं आणि पुन्हा समजावायला लागली.

आता ग्लेंडाच्या खऱ्या कर्तबगारीविषयी सांगायला हवं, कारण मंडळात तिचा दबदबा त्यावरच होता. लंडनच्या जुन्या नाटकगृहांमध्ये बायकांसाठी संडास असतात मोजून दोन-तीन, आणि इंटरव्हलला रांग जिना उतरून थेट रस्त्यापर्यंत. ग्लेंडाच्या बायका आजवर कधी त्या रांगेत खोळंबल्या नव्हत्या. इंटरव्हल कोणत्या गाण्यावर होतो हे तिला ठाऊक असे. त्या गाण्याचा शेवटचा सूर लांबायला लागला की ती हँडबॅग डोक्यावर धरायची, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत सगळी फलटण दाराबाहेर. ही विद्या तिच्याखेरीज कुणाला येत नव्हती, आणि नर्सरीत तिचा काही उपयोग नव्हता.

रखवालदार वादळात होडी घेऊन निघाला. त्याचं निरोपाचं गाणं उंच उंच गेलं आणि रंगमंचावर मिट्ट काळोख झाला. हीच ती जागा. या एका गोष्टीला तरी त्या दीडशहाण्याने हात लावला नव्हता. ग्लेंडाची हँडबॅग वर गेली. बायका उठल्या, गुडघ्यांना गुडघे घासत, माफी मागत, काळोखात चाचपडत बाहेर पडल्या. तिने नॉर्माची बाही ओढली.

“चल ऊठ, मागाहून नंबर लागणार नाही.”

“तू जा. मला नाही जायचं.”

ग्लेंडा सगळ्यांत शेवटी बाहेर आली. मागे दार लागलं आणि दारापलीकडून गाणं ऐकू यायला लागलं.

दाराशी उभ्या असलेल्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, “इंटरव्हल नाहीये, मॅडम. सलग आहे. आणि बाहेर पडल्यावर आत सोडत नाही. पाटीवर लिहिलंय तसं.”

“नाही कसा? या गाण्यावर इंटरव्हल असतो. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून असतो,” ग्लेंडा म्हणाली.

मुलीने पाटीकडे बोट दाखवलं. पॉलीनबाईंनी ती सगळ्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

मग ती सगळी फलटण लॉबीत, आतला प्रयोग दाखवणाऱ्या एका छोट्या टीव्हीसमोर उभी राहिली. पडद्यावर राखाडी रंगात काळे ठिपके हलत होते आणि आवाज बंद होता. संडास मात्र सगळे रिकामे होते. दिग्दर्शकाला, त्या मुलीला आणि पाटी लिहिणाऱ्याला ग्लेंडा आळीपाळीने शिव्या देत राहिली. नवख्यांचा गोंधळ होतो म्हणून ती गावभर सांगत फिरली होती. सगळं नाटकगृह जागेवर बसलं होतं आणि जाणती तेवढी बाहेर उभी होती. हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. ते तिने तिथल्या तिथे झाकून टाकलं.

परतीच्या बसमध्ये एरवी माइक तिच्या हातात असे. आज तो तिने हुकावरून काढलाच नाही. लेस्टर शहर मागे पडल्यावर पॉलीनबाई उठल्या, माइक घेतला आणि म्हणाल्या, “बायांनो, शेवट पाहिलेली एकच बाई आहे बसमध्ये. नॉर्मा, काय झालं गं पुढे?”

नॉर्माने माइक चहाच्या पेल्यासारखा दोन्ही हातांनी धरला.

“तो परत येत नाही,” ती म्हणाली. “बाकी काही नाही. त्याची बायको रोज दिवा लावते. म्हणजे दिवा नाहीये तिथे, ती नुसता हात वर करते. खुर्ची तशीच असते. सगळे गातात, नाचतात, सबंध रंगमंच मोकळा आहे, पण त्या खुर्चीला कुणाचा धक्का लागत नाही. सगळे वळसा घालून जातात.”

“खुर्ची कसली पण?” मागून एकीने विचारलं. “मी तेच विचारत होते तासभर. कुणाची ती?”

“ते मला नाही विचारावं लागलं,” नॉर्मा म्हणाली. “घरी मीही वळसाच घालते.”

तिने माइक परत दिला. मग पॉलीनबाईंनी नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, “पुढच्या वेळी काय बघूया, नॉर्मा?” ग्लेंडाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या डोक्यात अजूनही दीपगृह फिरत होतं, खऱ्या पाण्यासकट.

घरी पोचली तेव्हा जूनचा उजेड अजून होता. तिचा नवरा क्लिफ खुर्चीत बसला होता. तीस वर्षं तो तिथेच बसलेला असे, आणि ती आल्याआल्या सबंध नाटक त्याच्या अंगावर ओतत असे. तो मधून मधून ‘हो का’ म्हणे. त्याला काही कळत नाही, असं ती मंडळात हसत सांगायची.

“काय गं, कसं झालं?” त्याने विचारलं.

“शेवट नाही पाहिला मी.”

क्लिफने तिच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून, गुडघे सांभाळत तो उठला. “थांब, चहा टाकतो,” म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला.

समोर खुर्ची राहिली. गादीला मधोमध खोलगट जागा पडली होती. ग्लेंडा कोट न काढता तिथेच उभी राहिली. आत नळ वाहत होता, कपाटाचं दार वाजलं.

“क्लिफ,” तिने हाक मारली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “तू ये इकडे. बस ना तिथे. चहा मी करते.”