न हलणारे आकडे

येळ्ळूरच्या नीलमचा कुणावर म्हणून विश्वास बसत नसे. "देवाचा परसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघंल," असं तिची आई गुणाबाई चारचौघांत सांगायची. बेळगावातल्या एका संगणन केंद्रात मात्र हाच स्वभाव तिच्या पोटापाण्याच्या कामी आला. एकाच गणितावर संगणकाचे सोळा प्रोसेसर एकदम राबतात, तेव्हा कोण कुणाच्या कामात पाय घालतो हे पकडणारं टूल, म्हणजे तपासणीचा प्रोग्राम, ती लिहायची. संशय घ्यायचा आणि वर पगारही घ्यायचा!

तिथंच मधुवंती होती, शहरातल्या जुन्या वकिलांची मुलगी. कणकुंबीच्या रानात पडलेलं पाणी नदीला किती वेळात मिळतं, याचा प्रोग्राम तिचा. नीलमच्या टूलखाली तिनं तो तीनदा चालवला आणि उत्तरं पाठवली. तिन्ही उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. दुसरं कुणी खूश झालं असतं, नीलमचं डोकं भणभणलं. सोळा जण मिळून बेरीज करतात तेव्हा कोण आधी संपवेल याचा नेम नसतो, आणि दर पायरीला दशांश तोडले जात असल्यानं क्रम बदलला की शेवटचे एकदोन आकडे हलतातच. हिचेच कसे हलत नाहीत? एकदा चालवून तेच उत्तर तीनदा चिकटवलं असणार.

"प्रोग्राम आजकाल लई हळू चाललाय गं," मधुवंती म्हणाली होती. तेही नीलमला तीनदा न चालवण्याचं निमित्तच वाटलं. तिला थेट विचारायचं सोडून ती प्रमुखांकडे, मारुतीरावांकडे गेली. चौकशी होईपर्यंत त्यांनी मधुवंतीला प्रकल्पातून बाजूला केलं.

पुरावा बळकट व्हावा म्हणून नीलमनं स्वतःचा लहानसा प्रोग्राम टूलखाली तीनदा चालवला. आकडे हलले नाहीत. तिनं टूलचा कोडच उघडला. पंधरा दिवसांपूर्वी एक चूक शोधताना तिनं सोळाही प्रोसेसरना एकामागून एक काम करायला लावलं होतं, आणि तो बदल न काढताच टूल सगळ्यांना वाटून टाकलं होतं. क्रम ठरलेला, म्हणून आकडे हलत नव्हते, आणि म्हणूनच मधुवंतीचा प्रोग्राम हळू चालत होता. जगाचं तपासलं, आपलं तेवढं राहिलं.

मारुतीरावांपुढं तिनं सगळं कबूल केलं. मधुवंतीला परत घेतलं. मग नीलम तिच्या टेबलाशी गेली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली.

"टूल चुकलं त्याचं काय न्हाय गं," मधुवंती म्हणाली. "दोन वर्षं एका डब्यात जेवतोय आपण. मला एकदा विचारलं का न्हाईस?"

नीलमनं दुरुस्त केलेलं टूल तिला दिलं. मधुवंतीनं ते चालवलं नाही. आधी एकेक ओळ वाचायला बसली, आणि नीलम शेजारी उभीच राहिली.