तीन पेनांची वही

रत्नदीप गमरेचं तुम्हाला एवढं काय खुपतं, असं हेमाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा सरळच विचारलं. मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "मग रोज जेवताना त्याचंच नाव का निघतं?" मी वाटीतली आमटी संपवली आणि हात धुवायला उठलो. आता सांगायला हरकत नाही. मला त्याचं सगळंच खुपतं.

मी साईनाथ ठोंबरे, राहणार वर्तकनगर. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे पोरांना हातात कानस धरायला शिकवणारा मास्तर. एकतीस वर्षं झाली, येत्या जूनला निवृत्ती. रत्नदीप आधी माझा विद्यार्थी होता, मग सहकारी झाला आणि आता माझा वरिष्ठ व्हायच्या बेतात होता. ही हकीकत त्याची आहे. तिच्यात मी कोपऱ्यात कुठेतरी असायला हवा होतो, पण तसं झालं नाही.

तो आंबिवलीचा. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा हा सातवीत. त्यानंतर आई मंजुळाबाईंच्या शिलाई मशीनवर घर चाललं. दहावी होऊन माझ्याकडे आला तेव्हा हडकुळा, तेल लावून केस चापून बसवलेला, हजेरीपटावर नंबर तेवीस. फिटरच्या पोरांना आम्ही सुरुवातीला एकच काम देतो. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये पकडायचा आणि सगळ्या बाजू काटकोनात येईपर्यंत कानशीने घासायचा. मग काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायला जायचं. चौथ्या दिवशी पोरं रडकुंडीला येतात. रत्नदीपने नवव्या दिवशी ठोकळा आणून माझ्या टेबलावर ठेवला. उजेड दिसेना. मी कपाटातून दुसरा ट्राय स्क्वेअर काढला, तरी दिसेना. मला स्वतःला हे जमायला पाच आठवडे लागले होते. मी ठोकळ्यावरून बोट फिरवून म्हणालो, "कडा बोचतायत अजून." तो "हो सर" म्हणाला आणि कडा घासायला गेला. माझी पोटदुखी तेव्हापासूनची आहे.

आयटीआय झाल्यावर पोरं वर्षभर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जातात. हा वागळे इस्टेटमध्ये गेला, तिथेच कायम झाला, पाच वर्षं राहिला. लोक एवढ्यावर संसार थाटतात. याने निदेशकाचा कोर्स केला आणि तासिका तत्त्वावर शिकवायला आमच्याकडे परत आला, पुढे कायमही झाला. रविवारी आंबिवलीच्या बुद्धविहारात पोरापोरींना बसवून मशीनची ड्रॉइंग वाचायला शिकवतो. रविवारी मी मासे आणायला जातो.

नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तो एक किस्सा सांगतो. मी तो दहा वेळा तरी ऐकला असेल. "माझ्या आयटीआयच्या कामाच्या डायरीत लिहिलेलं होतं, सरफेस ग्राइंडरवर चाळीस तास. कंपनीत गेलो, फोरमन म्हणाला, चल, चालू कर ग्राइंडर. मला त्याचं बटण कुठंय तेच माहीत नव्हतं. अख्खं शॉप हसलं. वर्षभर सगळे मला 'ए चाळीस तास' म्हणून हाक मारायचे." पोरं हसायची आणि लगेच याच्यावर जीव टाकायला लागायची. मला वाटायचं, किती भाव खावा माणसाने स्वतःच्या फजितीवर.

आता खरं दुखणं सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी शिकाऊ उमेदवारी कशी सुधारावी यावर एक प्रस्ताव लिहिला होता. चोवीस पानं, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर संस्थेचं बोधचिन्ह. कारखानदार पोरांकडून खोकी उचलून घेतात, शिकवत काहीच नाहीत, हे मी तेव्हाच लिहिलं होतं. समित्या नेमा, उपसमित्या नेमा, त्रैमासिक आढावा घ्या. त्यावेळच्या प्राचार्यांनी "उत्तम" असा शेरा मारला आणि प्रस्ताव कपाटात गेला. तो अजून तिथेच आहे, मी मधूनमधून बघून येतो.

रत्नदीपने तीन वर्षांपूर्वी एक पान लिहिलं. फक्त एक पान. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराने वही ठेवायची. त्यात रोज एकाच प्रश्नाचं उत्तर, आज स्वतःच्या हाताने काय केलं? आठवड्याला फोरमनची सही. निदेशकाने दर शनिवारी एकेका कारखान्यात जाऊन वही बघायची. ओळीने तीन आठवडे वहीत उचल-ठेव, झाडलोट, पॅकिंग असलंच निघालं, तर उमेदवाराला त्या कारखान्यातून परत आणायचं. बस्स. प्राचार्या विनिता मॅडमनी ते पान वाचलं आणि म्हणाल्या, "करून बघा."

मला मनातून बरं वाटलं. परत आणायचं म्हणजे कारखानदाराला तोंडावर नाही म्हणायचं. आम्ही इतकी वर्षं त्यांच्यापुढे माना डोलावत आलो, कारण ते रुसले तर पोरांना घेणार कोण? हा आता तोंडघशी पडणार, याची मी वाटच बघत होतो. आणि त्याने खरोखर डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून तीन मुली परत आणल्या. मालकाने मॅडमना फोन करून आवाज चढवला. मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये दोन चहा प्यायलो. आठवड्याने तोच मालक स्वतः आला आणि वर्कशॉपमध्ये रत्नदीपसमोर स्टुलावर बसला. काय बोलले कोण जाणे. सोमवारी त्या तीन मुली परत गेल्या आणि त्यांना लेथवर उभं केलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असला मालक माझ्यासमोर कधी स्टुलावर बसला नव्हता.

यंदा जिल्ह्याच्या समितीने ठरवलं की हीच पद्धत सगळ्या संस्थांना लावायची. त्यासाठी आमच्या संस्थेत एक कक्ष उघडणार आणि त्याला एक प्रमुख नेमणार. मॅडमनी दोन नावं पाठवली. रत्नदीपचं आणि, सेवाज्येष्ठता म्हणून, माझं. मला ती खुर्ची हवी होती. आठ महिन्यांसाठी का होईना, दारावर माझ्या नावाची पाटी हवी होती. हेमा म्हणाली, "अहो, आठ महिन्यांसाठी कशाला जीव काढताय?" मी म्हणालो, "अगं, तुला नाही कळायचं." तिला चांगलंच कळलं होतं.

बैठकीआधी समितीपुढे ठेवायच्या एक्केचाळीस वह्या तपासायचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं. मी एकेक पान चष्मा पुसून वाचलं. काहीतरी सापडावं म्हणूनच वाचत होतो, खोटं कशाला बोलू. आणि सापडलं. टिटवाळ्याची कल्पिता भोईर, पंपांच्या एका छोट्या कारखान्यात शिकाऊ. दोन महिन्यांची वही भरगच्च होती. ड्रिलिंग, टॅपिंग, फिटिंग, सगळं. पण तीन दिवस निळं पेन, तीन दिवस काळं, तीन दिवस बारीक टोकाचं, पुन्हा निळं, पुन्हा काळं, पुन्हा बारीक. दोन महिने तोच क्रम. शेवटी शेवटी अक्षर थकलेलं, हात भरून आल्यावर येतं तसं. ही वही रोज लिहिलेली नव्हती, एका बैठकीत भरलेली होती. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. माझ्या दहा मिनिटांत आलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि हे आपल्याला इतक्या पटकन कसं उमगलं हा प्रश्न मात्र पडला नाही.

रत्नदीप शेजारच्याच टेबलावर डबा खात होता. त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या कारखान्यात त्याची तोवर अगदी सुरुवातीला एकच फेरी झाली होती, दुसऱ्या दिवशी गाडीवर टांग मारून गेला असता. मी वही फायलीत खाली सरकवली आणि त्याने पुढे केलेली भाकरी खाल्ली. चांगली होती.

बैठक मॅडमच्या केबिनमध्ये झाली. समितीचे तिघं, मॅडम, आम्ही दोघं, आणि अनुभव सांगायला बोलावलेले चार शिकाऊ. त्यात कल्पिता यावी याची व्यवस्था मीच केली होती. रत्नदीपने पाच मिनिटांत आपलं म्हणणं मांडलं. समितीचे अध्यक्ष मान हलवत होते. मग मी वही काढली.

"पद्धत छान आहे," मी म्हणालो, "पण ही बघा." आणि पानं उलटत तिन्ही पेनांचा क्रम दाखवला. रत्नदीपचा चेहरा उतरला. तो चेहरा मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बघत होतो, आणि मला आनंद झाला. तो आनंद मी नाकारत नाही.

अध्यक्ष कल्पिताकडे वळले. आवाज मऊ होता. "बाळा, ही वही रोज लिहिलीस का?"

"नाही सर."

"मग?"

"मला पॅकिंगलाच ठेवलेलं. तसं लिहिलं असतं तर गमरे सर मला परत घेऊन आले असते. घरी म्हणाले असते, झालं शिकून, आता बस घरी. म्हणून मी सगळी वही रविवारी बसून भरली. सह्या फोरमननी सोमवारी एकदमच केल्या."

"आणि ही तीन पेनं? हे कुणी सुचवलं तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ना राग, ना भीती. वर्गात उत्तर येत असलेली मुलगी बघते तसं बघितलं.

"ठोंबरे सरांनी शिकवलंय. तपासणीच्या आधी आम्ही सगळे बसून डायऱ्या भरायचो ना सर? एका पेनाने लिहिलं की पकडलं जातं, दर तीन दिवसांनी पेन बदला. तुम्हीच सांगितलेलं."

हे मी दर तुकडीला सांगत आलो होतो. तपासणी आली की दोन दिवस वर्कशॉप बंद, सगळी पोरं बाकांवर, आणि मी फळ्यावर तारखा लिहून देणार. मशीन बंद असलं तरी तास लावायचे. सगळ्याच संस्थांत चालतं, असं म्हणून मी हे इतक्या सहजपणे करायचो की मला ती माझी चूक वाटतच नव्हती, नोकरीचाच भाग वाटायचा. गेल्या वर्षी कल्पिता माझ्याच वर्गात होती. आणि नंबर तेवीसच्या, म्हणजे रत्नदीपच्या, वेळी आमचा सरफेस ग्राइंडर चार वर्षं बंद होता. त्याच्या डायरीतले चाळीस तास फळ्यावर मीच लिहिले होते.

मी रत्नदीपकडे बघितलं. तो किस्सा त्याने शेकडो पोरांना सांगितला, मालकांना सांगितला, माझ्यासमोर सांगितला. एकदाही माझं नाव घेतलं नाही. आत्ता घ्यायची तर आयती संधी होती. तो खुर्चीतून उठला आणि कल्पितासमोर जाऊन उभा राहिला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "खरं लिहिलं की पोरीलाच परत आणायचं, असा नियम मी केला. म्हणजे शिक्षा तिलाच झाली. मग ती खरं कशाला लिहील?" आणि समितीकडे वळून म्हणाला, "तीन आठवडे असं निघालं तर काम बदलून द्यायचं ते कारखान्याने. पोरगी तिथेच राहणार, मशीनवर. हे पानावर घाला, आणि मगच बाकीच्यांना द्या."

त्याच्या जागी मी असतो तर मला काय सुचलं असतं याचा मी विचार केला. मी म्हणालो असतो, या ठोंबऱ्यांनी शिकवलंय. एवढंच सुचलं असतं.

खुर्ची अर्थातच त्याला मिळाली. दारावर पाटी लागली. मी आठवडाभर त्या बोळातून जाणं टाळलं आणि लांबच्या जिन्याने चढलो. मग एका दुपारी तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सर, शनिवारच्या फेरीला माझ्याबरोबर याल का? भरलेली वही मला ओळखता येत नाही. तुम्हाला येते."

हे तो टोमणा म्हणून बोलतोय का, हे बघायला मी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"आठ महिनेच आहेत माझे," मी म्हणालो.

"तेवढे तरी या."

पहिल्याच शनिवारी आम्ही कल्पिताच्या कारखान्यात गेलो. ती आता ड्रिलिंग मशीनवर होती, केस टोपीत कोंबलेले, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. तिने आधी रत्नदीपला भोकं पाडलेली फ्लँजची चकती दाखवली. मग हात पुसून वही आणली आणि माझ्याकडे दिली. नवी वही, एकच पेन. मी सवयीने पानं उलटून बघितली. सोमवार, सहा भोकं, एक चुकलं. मंगळवार, ड्रिल तुटलं, फोरमन ओरडले. बुधवारच्या तारखेपुढे लिहिलं होतं, आज काही नाही केलं, मशीन बंद होतं.

एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर हजारो डायऱ्या आल्या. त्यातल्या एकीतही मशीन बंद नव्हतं. मी पेन काढलं आणि बुधवारखाली सही करायला लागलो. रत्नदीप तिकडे त्या चुकलेल्या भोकाबद्दल तिच्याशी बोलत होता आणि ती त्याला न घाबरता सांगत होती, भोकाची खूण ठोकताना पंच कुठे घसरला ते. माझ्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि सही करताना मला तेच सगळ्यात जास्त खुपलं.